चिटणिसांच्या घरची भाऊबीज

रत्नाकर व्यायाम मंडळ, रत्नागिरी
ता. ९ ऑक्टोबर १९२५

रा. रा. दादू आप्पाजी मयेकर, मुंबई, यांस
आत्माराम सुर्वे, चिटणीस, यांचा साष्टांग नमस्कार.

कळविण्यास आनंद वाटतो की मंडळाचे हुतूतूचे सामने येत्या जानेवारीतही भरवण्याचे ठरले आहे. जिल्ह्यातून अकरा संघ येणार. नाटे गावच्या संघातून आपण चढाईचे गडी म्हणून खेळावे, अशी मंडळाची विनंती आहे. मुक्कामाची व जेवणाची सोय मंडळाकडे.

इथवर चिटणीस बोलला. आता मी बोलतो, कारण तुला 'आपण' लिहिताना माझं मलाच हसू येतंय. ज्याच्या मी एकदा कानाखाली वाजवली आहे आणि ज्याने मला भर सभ्य मंडळींसमोर खाडीत ढकललं आहे, त्याला आदरार्थी बहुवचन शोभत नाही.

दादू, नऊ महिने झाले. आता पुरे कर. जानेवारीत जे झालं ते मैदानावर झालं, घरात झालं नाही. मी पंच होतो. गुण सारखे होते, शेवटची चढाई तुझी होती, आणि तू दोन गडी मारून मध्यरेषेला आलास हे मी नाकारलेलं नाही. पण मुंबईहून आलेल्या छापील नियमांत सातवा नियम स्वच्छ आहे. चढाई करणाऱ्याने एका दमात 'हुतूतू' म्हणावे. तू म्हणालास तुमच्या गावचा बोल, 'शिडात वारा, वाऱ्यावर होडी, होडी, होडी'. ऐकायला गोड आहे. तुझे आप्पा तोच म्हणत, त्यांचे आप्पाही तोच म्हणत असतील. पण प्रत्येक गाव आपापलं गाणं म्हणू लागला, तर त्याला सामना म्हणायचं की भजन? मी शिट्टी वाजवून तुला बाद दिलं. तू जवळ येऊन विचारलंस, "भावोजी, खरं सांगा, ह्यो नियम आज लागू हाय?" मी म्हटलं, "लागू आहे." पंचाने याहून वेगळं काय म्हणायचं असतं?

तुझ्या गावात कोणी बोलले म्हणे, की मेहुण्या-मेहुण्यांनी आधीच ठरवून सामना घालवला. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पण तेवढ्यावरून होडी सोडून, गाव सोडून मुंबईच्या गोदीत ओझी उचलायला जायचं, हे मला पटलेलं नाही. तापट डोक्याने घेतलेले निर्णय फार टिकत नाहीत, तेव्हा तूही परत येशील.

तुझी बहीण बरी आहे. दिवाळीला ये.

आत्माराम

—

रत्नागिरी
भाऊबीज, १९२६

दादू,

आज मंडळाचा कागद नाही. मंडळाचे कागद संपले नाहीत, पण आज चिटणिसाला काही सांगायचं नाही.

गेल्या वर्षी तू आला नाहीस तेव्हा मथुरा म्हणाली, आगबोट चुकली असेल. यंदा ती काही बोलली नाही. सकाळी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, ताट केलं. दुपारी मी म्हटलं, "जेवून घे." म्हणाली, "तुमी जेवा." संध्याकाळी शेजारच्या सोनूबाई आल्या. बाई मनाने चांगल्या आहेत, पण जीभ आवरत नाहीत. म्हणाल्या, "चंद्राला तरी ओवाळ गो, ताट मांडलंस तर." त्यावर तुझी बहीण काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो.

"ज्यांना भाव न्हाय त्या चंद्राला ओवाळतात. माजा भाव हाय."

आणि तिने ताट उचलून आत नेलं. चंद्राला ओवाळलं नाही. सोनूबाई गेल्यावर मी अंगणात जरा उभा राहिलो. कोर चांगली दिसत होती.

दादू, आमच्या घरात दोनच माणसं. मूल नाही, तुला माहीतच आहे. पूर्वी तू महिन्यातून एकदा होडीने मासळी घेऊन यायचास, दोन दिवस राहायचास, घरात आरडाओरडा व्हायचा. तुझ्या बहिणीचा आवाज एवढा मोठा आहे हे मला तू आलास की कळायचं. आता ती पुटपुटल्यासारखी बोलते. मी सकाळी कचेरीत, संध्याकाळी मंडळात. घरी आलो की ती जेवायला वाढते आणि आम्ही दोघं आमटीबद्दल बोलतो.

माझ्यावर राग धर. धर खुशाल. तिने काय केलं आहे? तिला वाचता येत नाही, म्हणून तू तिलाही लिहीत नाहीस, कारण पत्र मीच वाचून दाखवणार. हे मला कळतं. पण मग कोणाकडून तरी निरोप पाठव. नाट्याची दहा माणसं तुझ्याबरोबर गोदीत आहेत.

नियमाबद्दल मी माझं मत बदललेलं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

आत्माराम

—

रत्नागिरी
ता. २ मार्च १९२९

प्रिय दादू,

एक आनंदाची बातमी. मी जिल्हा व्यायाम संघाचा अध्यक्ष झालो. बिनविरोध. गुडघा फुटलेला पकडीचा गडी एका खुर्चीत बसून अठ्ठावीस आखाड्यांवर हुकूम चालवतो आहे, हे बघून तुला हसू आलं असतं. सभेत हार घातले. घरी येऊन मथुरेला दाखवले, तर म्हणाली, "फुलं बरी हायत," आणि देवाला घातले.

दुसरी बातमी म्हणजे मी लोकल बोर्डाला उभा आहे. राजापूर तालुक्याची किनाऱ्याकडची गावं माझ्याकडे येतात. मी सगळीकडे फिरलो. जैतापूरला मुलांची कवायत बघितली, भाषण केलं, टाळ्या पडल्या. मग नाट्याला गेलो.

तिथे तुमचा भागोजी तांडेल भेटला. तोच, सामन्यात तुमच्या संघाचा म्होरक्या होता तो. जाळं विणत बसला होता. मी नमस्कार केला, त्याने मान हलवली. मी बोललो, रस्त्याबद्दल, शाळेबद्दल, बंदरावरच्या धक्क्याबद्दल. तो गाठी मारत राहिला. शेवटी मी विचारलं, "मग मतांचं कसं?" म्हणाला, "बगू." त्याने मला बस म्हटलं नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा पुढे केला नाही. तुमच्या गावात अनोळखी माणसालाही शहाळं मिळतं.

तेव्हा दादू, तू भागोजीला दोन ओळी लिहिल्यास तर फार उपकार होतील. 'भावोजींना सांभाळून घ्या' एवढंच. तुझ्या शब्दाला अजून तिथे वजन आहे असं मी समजतो.

हे पत्र आता वाचून बघितलं. चार वर्षं मी तुला घरी बोलावतो आहे आणि आज पहिल्यांदा काहीतरी मागतो आहे, तर मत. मला लाज वाटली. पण पाकीट फाडत नाही, कारण फाडलं तर मी लाजलो होतो हे तुला कळणार नाही.

आत्माराम

—

हर्णे, मुसाफिरी बंगला
ता. ११ डिसेंबर १९३३

दादू,

फिरतीवर आहे. नाट्याने मला एकही मत दिलं नव्हतं, तरी मी निवडून आलो. त्यानंतर बोर्डाचा उपाध्यक्षही झालो. हे तुझ्या कानावर गेलं असेल. नसेल तर आता गेलं.

दुपारचे चार वाजले आहेत. खाली बंदरावर होड्या लागताहेत, थोड्या वेळाने लिलाव सुरू होईल. ओरडा इथपर्यंत येतो. मी बंगल्याच्या पडवीत बसलो आहे आणि शिपाई मला दर अर्ध्या तासाने विचारतो, साहेबांना काही हवं का? काही नको. मला इथे कोणी नावाने हाक मारत नाही. रत्नागिरीतही मारत नाही. मला 'अरे आत्माराम' म्हणणारा शेवटचा माणूस माझे वडील, ते जाऊन दहा वर्षं झाली. घरात मी 'अहो' आहे, गावात 'साहेब' आहे. गेल्या वर्षी मी दोनशे दहा दिवस फिरतीवर होतो. मथुरा बोलून दाखवत नाही. मी घरी असलो काय, नसलो काय, तिला तांदूळ कमी-जास्त घ्यावे लागतात, एवढाच फरक.

आज सकाळी इथल्या शाळेत मुलांचा हुतूतू बघितला. अध्यक्ष आले म्हणून मास्तरांनी मुलांना बजावलं असणार. सगळी पोरं एका सुरात 'हुतूतू हुतूतू' करत होती. नियमाप्रमाणे होतं. मास्तर माझ्याकडे बघत होते, साहेब खूश आहेत का म्हणून. आणि मी मध्येच खुर्चीवरून उठलो. मी पाणी मागितलं, सगळे उन्हाला दोष देत बसले.

ऊन नव्हतं ते. आता नऊ वर्षं होतील, तेव्हा एकदाचं लिहून टाकतो.

मुंबईहून नियमांची पुस्तिका सामन्यांच्या चार दिवस आधी आली. तिच्याबरोबर एक पत्र होतं. त्यात लिहिलं होतं, 'यंदा पहिलेच वर्ष असल्याने ज्या त्या गावच्या गड्यांस आपापला बोल म्हणण्याची मुभा द्यावी. सातवा नियम पुढील वर्षापासून सक्तीचा करावा.' ते पत्र मी एकट्याने वाचलं. सामन्याच्या दिवशी ते माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. तू मला विचारलंस, लागू आहे का, तेव्हा ते माझ्या छातीला लागत होतं.

का केलं, हेही सांगतो. पाहुण्यांच्या रांगेत मुंबईचे दोन मोठे लोक बसले होते. सख्ख्या मेहुण्याला बाद करणारा पंच म्हणजे किती निःपक्षपाती, असं त्यांनी म्हणावं, हे माझ्या मनात आलं. त्यांनी म्हटलंही. पण ते अर्धंच कारण आहे. तू त्या सातजणांमधून पाण्यातून गेल्यासारखा गेलास, लोक उभे राहिले, आणि मी शिट्टी हातात धरून काठावर होतो. त्याच्या चार वर्षं आधीपर्यंत, गुडघा फुटेपर्यंत, लोक माझ्यासाठी उभे राहत होते. मला ते सहन झालं नाही. मी तुझा हेवा केला, दादू.

लिलाव सुरू झाला. शिपाई पुन्हा येतो आहे. हे पाकीट मी त्याच्याकडे देणार नाही, स्वतः टाकीन.

आत्माराम

—

रत्नागिरी
ता. ३० जून १९३५

दादू,

दीड वर्ष उत्तराची वाट पाहिली. पत्र परत आलं नाही, म्हणजे तुला पोचलं. तुझ्या जागी मी असतो तर मीही उत्तर दिलं नसतं. खरं तर मी जास्त वाईट केलं असतं.

गेल्या महिन्यात मी मथुरेला सगळं सांगितलं. कोटाच्या खिशातलं पत्रही काढून दाखवलं. तिला वाचता येत नाही, तरी तिने ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितलं. मला वाटलं रडेल, बोलेल, भांडेल. तिने कागदाची घडी घातली आणि माझ्यापुढे ठेवली.

"माज्याकडं कशाला कबूल करताव?" म्हणाली. "माजं काय गेलं? मला भाव भेटला न्हाय, ते मी सोसलं. पण त्याला सामना विकणारा म्हणाली ती नाट्याची माणसं. त्याचं नाव तिकडं गेलं. तुमी हितं चुलीपुढं बसून कबूल करताव."

मी कागद परत खिशात घातला. पण बाईमाणसाचं ऐकून गपचूप नाट्याला निघायचं, एवढा मी अजून सुधारलेलो नाही. मी माझ्या पद्धतीने केलं. काल संघाची वार्षिक सभा होती. अहवाल वाचून झाला आणि मी उभा राहून सांगितलं, की १९२५ च्या अंतिम सामन्यात मी पंच म्हणून खोटं बोललो, मुंबईचं पत्र दडवलं, आणि नाटे गावचा विजय मी हिरावला. पत्र टेबलावर ठेवलं.

तुला वाटेल, गडबड उडाली असेल. तसं काही झालं नाही. मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. खजिनदार उठून म्हणाले, इतक्या मोठ्या मनाचा अध्यक्ष लाभला हे संघाचं भाग्य. अध्यक्षांच्या मनाच्या मोठेपणाबद्दल आभाराचा ठराव झाला. मी म्हटलं, "ठराव नको, हे सभेच्या वृत्तांतात लिहा आणि नाट्याला कळवा." तेव्हा चिटणीस माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, संस्थेची शोभा जाईल. पुढल्या साली कौन्सिलच्या निवडणुका होतील, तुमचं नाव पुढे आहे. आपण एवढंच लिहू की अध्यक्षांनी जुन्या आठवणी सांगितल्या."

आणि त्यांनी तसंच लिहिलं. तो चिटणीस मीच तयार केला आहे. माझ्या हाताखाली आठ वर्षं शिकला.

मग चहा झाला. मीही प्यायलो.

बाहेर पाऊस लागून राहिला आहे, आगबोटी बंद आहेत, म्हणून नाट्याला जाता येत नाही असं मी मथुरेला सांगितलं. ती म्हणाली, "पाऊस काय बारा म्हयने असतो?"

आत्माराम

—

रत्नागिरी
ता. २० फेब्रुवारी १९३६

दादू,

मी नाट्याला जाऊन आलो.

पाऊस संपून चार महिने झाले होते आणि मी रोज एक नवीन काम शोधत होतो. शेवटी मथुरेने माझी पिशवी भरून दारात ठेवली.

देवळासमोर तीस-चाळीस माणसं जमली. त्यातली बरीचशी तुझ्या वेळची. भागोजीचे केस पांढरे झाले आहेत. मी सभेत बोलायला सरावलेला माणूस, दादू, पण तिथे मला सुरुवात सापडेना. 'बंधूंनो' म्हटलं आणि थांबलो. मग सरळ सांगितलं. मुंबईचं पत्र मोठ्याने वाचलं. म्हटलं, "दादूला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने कोणाशी काही ठरवलं नव्हतं. तो सामना तुम्ही जिंकला होता. मी खोटं बोललो."

इथे कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग एक बाई मागे होती, तिने आमच्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला. मला बरं वाटलं.

भागोजी शेवटी म्हणाला, "सायब, तुमी खोटा बोललाव, त्ये एक दिस. आमी त्याला अकरा वर्सं खोटा म्हणताव. त्याच्या होडीवर कोण चढंना. त्याच्या आवशीला लोकांनी पाणवठ्यावर बोल लावला. ती तशीच गेली." मग त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "तुमी एकटं कशाला मान खाली घालताव? आमची काय वर हाय?"

आणि तांब्या आणून पाणी दिलं. मी प्यायलो. तुझ्या आईला लोकांनी बोल लावला हे मला माहीत नव्हतं. ती गेली तेव्हा मी चिपळुणात बक्षीस समारंभात होतो. मथुरा एकटी नाट्याला गेली होती. परत आल्यावर तिने मला काहीच सांगितलं नाही.

भागोजी म्हणाला की नाट्याचा माणूस शिमग्यानंतर मुंबईला जाईल, त्याच्याबरोबर सगळा गाव तुला निरोप पाठवेल. तो निरोप तुला मिळण्याआधी तुझ्या हातात माझं हे पत्र पडावं, म्हणून घाईने लिहितो.

जाता जाता कळवतो, कौन्सिलचं तिकीट मला मिळणार नाही. नाट्याची बातमी किनाऱ्यावरच्या प्रत्येक बंदराला लागली, आणि ज्याने पंच म्हणून खोटं केलं तो आमदार म्हणून काय करील, असं वर्तमानपत्रात छापून आलं. बरोबर आहे. संघाचा राजीनामा मी दिला, बोर्डाची मुदत मे महिन्यात संपते आणि पुन्हा उभा राहणार नाही. मला वाटलं होतं फार दुःख होईल. झालंही, खोटं कशाला बोलू. सकाळी आंघोळ करून कोट घालतो आणि मग आठवतं की कुठे जायचं नाही.

आत्माराम

—

रत्नागिरी
दिवाळीचा पाडवा, १९३६

दादू,

हे पत्र टपालाने येणार नाही. तुझ्या पाटावर ठेवून जातो आहे.

तुझा निरोप दसऱ्याला आला. नाट्याच्या रामाने आणला. मी तेव्हा घरी होतो, परसात होतो, पण त्याने मथुरेला एकटीला गाठून सांगितलं. तिने मला आठ दिवस सांगितलं नाही. भात करपला, दोनदा मीठ विसरली, विहिरीवर कळशी ठेवून आली. शेवटी मी विचारलं, तेव्हा तिने सांगितलं. "बाय, मी भाऊबीजेला येईन. पण भावोजी घरात असतील तर उंबऱ्यात पाय ठेवणार न्हाय." असा तुझा निरोप.

मी म्हटलं, "मग झालं तर! येतोय ना?"

ती माझ्यावरच चिडली. "दिवाळीला नवऱ्याला घराभायेर काढून मी भावाला ओवाळू? अशी कशी मी बाय?" आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर बसून रडली. ती तुझ्यासाठी रडत होती की माझ्यासाठी, मला कळलं नाही. मी विचारलं नाही.

मी सांगितलं की मला योगायोगाने पाडव्यालाच जयगडला जावं लागणार आहे. फिरती आहे. चार दिवस लागतील.

ती डोळे पुसून माझ्याकडे बघत राहिली. "दिवाळीत कसली फिरती?" म्हणाली.

"आहे एक."

तिला ठाऊक आहे, दादू. मी आता बोर्डात नाही, संघात नाही, मला जयगडला कोणी ओळखत नाही. मे महिन्यापासून मी या घरातून बाजारापलीकडे गेलेलो नाही. पण तिने दुसऱ्या दिवशी फराळ करायला घेतला तेव्हा माझा डबा वेगळा भरला. करंज्या जास्त घातल्या. आज सकाळी तिने मला पाडव्याचं ओवाळलं आणि ताट खाली ठेवताना हळूच म्हणाली, "थंडी पडतेय, शाल घ्या." एवढंच.

मी वर्षातले दोनशे दिवस या घराबाहेर काढले आणि एकदाही मागे वळून बघितलं नाही. आज पिशवी उचलवत नाही.

आता तुला चार गोष्टी सांगतो, कारण त्या ती स्वतः सांगणार नाही. तिला डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही. विचारलंस तर नाही म्हणेल. ओवाळताना निरांजन तिच्या पदराजवळ येतं, तेव्हा ताटाला हात लाव. ती जेवायला बसत नाही, सगळ्यांचं झालं की उभ्याने खाते. तिला तुझ्याबरोबर बसव. तू गेल्यापासूनच्या एकेक दिवाळीला तिने तुझ्यासाठी काहीबाही घेऊन ठेवलं आहे. सदरे, टोप्या, एक छत्री. अकरा वर्षांची पेटी भरली आहे. त्यातलं अर्धं आता तुला होणार नाही, कारण तिच्या डोळ्यांपुढे तू अजून चोवीस वर्षांचा आहेस. तरी सगळं अंगाला लावून बघ. हसू नकोस.

आणि तिच्याशी मोठ्याने बोल. तिचा आवाज मी बऱ्याच वर्षांत ऐकलेला नाही.

माझ्याबद्दल तिला काही विचारू नकोस. तिला माझी बाजू घ्यावी लागेल आणि मग तिचा दिवस जाईल.

मी जयगडला बंदराजवळ कोणाच्या तरी पडवीत उतरेन. बुधवारी दुपारच्या आगबोटीने परत येईन. बोट बंदरात शिरताना भोंगा वाजवते, तो आपल्या घरात स्वच्छ ऐकू येतो. तिथून लहान होडीने काठाला उतरून चालत घरापर्यंत यायला मला तास तरी लागतो. तुला निघायचं असेल तर तेवढ्या वेळात सावकाश निघता येईल. वाट चुकवायची असेल तर मागच्या बागेतून जा, मी रस्त्यानेच येईन.

नाही निघालास, तर मी अंगणात थांबेन. तू आत बोलावलंस तरच येईन.

आत्माराम